डावं-उजवं

रियेकाच्या गल्ल्यांतून बुरा नावाचा वारा
पाट्या खडखडवत उतरत होता
तेव्हा याद्रांका दुकानात शिरली.
पर्समध्ये साठ युरो, चार घड्या घातलेले,
आणि पिशवीत बापाचे हेडफोन:
रेडिओ केंद्राने मोडीत काढलेले, सहाशे ओहमचे,
कानांवर बसतात ते
जुन्या रागासारखे घट्ट.

"फोनला लावले की डास गुणगुणतो नुसता," ती म्हणाली.
व्येरानने हेडफोन हातात तोलले.
"घोडा मोठा आहे, बाई,
मूठभर चण्यांवर चालायचा नाही."

काउंटरवर तीन डबे मांडले त्याने.
एक साबणाच्या वडीएवढा, एकोणचाळीस युरोंचा,
काही वाजत नसतानाही सूं करत राहणारा.
एक काळाभोर, देखणा.
त्याच्याकडे तिनं पाहिलं
जसं मासळीबाजारात शेवंडाकडे पाहतात.
भाव विचारला नाही,
न विचारलेला भाव परवडत नाही असं कोण म्हणेल?
आणि तिसरा, करडा, पंचावन्नचा,
चेहरा नसलेल्या कारकुनासारखा.

व्येरानने तिला डोळे मिटायला लावले.
तारा काढल्या, लावल्या, परत काढल्या.
"हा," ती म्हणाली. मग "हाच."
दोन्ही वेळा करडाच निघाला,
तिसऱ्या वेळी तिनं सूं करणाऱ्यालाच
काळाभोर ठरवलं, आणि लाजली.
तो चष्मा पुसत राहिला.
"मलाही कळत नाही आता.
पन्नाशीनंतर वरच्या मजल्यावरचे सूर
बिऱ्हाड हलवतात,
आणि मालकाला सांगतही नाहीत."

मग आवाज उतरवून म्हणाला,
"करड्याची एक खोड आहे, नंतर बोल नको.
बटण अगदी हळू फिरवलं
तर आधी डावा कान बोलू लागतो.
काटा आठावर आला की मग उजवा.
स्वस्तातल्या मालात
एवढं डावं-उजवं असायचंच."

ती हसली, पहिल्यांदाच.
बापाचा उजवा कान गोदीतच राहिला होता,
बत्तीस वर्षं रिव्हेटांच्या हातोड्यांखाली.
पेन्शन घेऊन घरी आला तो फक्त डावा.
"मग हाच द्या."
त्याने पाच युरो आपणहून कमी केले.
खोडीचे पैसे, म्हणाला.

रात्री दीडला झ्वानेने बटण फिरवलं.
नातवाने टेप फोनमध्ये उतरवून दिली होती:
मिठाचं गोदाम, दोन मायक्रोफोन, सहा गळे.
पाच जण डावीकडे.
झ्वाने एकटा उजवीकडे,
कारण त्याचा आवाज बाकीच्यांना गिळायचा.

ते पाचही आता कोझालाच्या चढावर, मातीखाली.
आले मात्र सगळे. एकेकाचा श्वाससुद्धा आला,
कुणाच्या तरी बुटाची करकर,
आणि कडव्याआधी खाकरणं
(ते नक्की बेर्तोचं, तो चोरून ओढायचा).
सगळे होते.
फक्त उजवीकडे, जिथे आपण उभे होतो,
तिथे काहीच नव्हतं.
तो काटा आठावर नेत राहिला, नवावर, दहावर.
यंत्राचा काही दोष नव्हता त्यात.

मग त्याने स्वतःचा सूर भरला.
मोकळ्या गळ्याने,
एक्क्याऐंशी वर्षांचा, जरा खाली घसरणारा,
पण गिळणारा अजूनही.

खालच्या ओर्सोलाच्या झाडूचा दांडा
छताला लागला. पुन्हा लागला.
तिची झोपमोड होऊ नये म्हणून तर
हा सगळा खटाटोप, हे पन्नास युरो.
झ्वानेला दांडा ऐकू गेला नाही.
हेडफोन चांगलेच घट्ट होते.

स्वयंपाकघरात याद्रांकाने पावती शोधली.
चौदा दिवसांत परत घेऊ, असं छापलं होतं.
तिनं दोनदा वाचलं,
मग पावतीची सुरळी केली
आणि खिडकीच्या त्या फटीत कोंबली
जिथून बुरा आत येत होता.